शरीरातील शिदोरी आणि संदेशाचा खर्च

हृदयाचे ठोके मंदावलेल्या माणसाच्या छातीत कातडीखाली जे लहानसे यंत्र बसवतात, त्या पेसमेकरचे आता कुणाला अप्रूप राहिलेले नाही. शाळेच्या शिक्षकवर्गात, कचेरीत, शेजारच्या बिऱ्हाडात असे यंत्र घेऊन वावरणारी एखादी तरी व्यक्ती आपल्या माहितीची असते. यंत्र कितीला पडले, कोणत्या देशात बनले, शस्त्रक्रिया कोणी केली, याची चौकशी आपण आस्थेने करतो. परंतु त्यातील बॅटरी किती वर्षे पुरेल आणि ती कोणकोणत्या कामांवर खर्च होते, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. वस्तुतः रुग्णाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. कारण ही बॅटरी घड्याळाच्या सेलसारखी बदलता येत नाही. ती संपत आली म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया करून, हृदयाला जोडलेल्या तारा तशाच ठेवून, यंत्र बदलावे लागते.

गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाला एक नवे वळण मिळाले आहे. पूर्वी पेसमेकर फक्त आपले नेमून दिलेले काम करी. आता तो बिनतारी संदेश पाठवतो. हृदयाचे ठोके चुकले का, तार सैल झाली का, बॅटरी किती उरली, हे सारे तो रुग्णाच्या घरूनच डॉक्टरांना कळवू शकतो. ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु हा संदेश फुकट जात नाही. त्याची किंमत बॅटरीतून, म्हणजे रुग्णाच्या दोन शस्त्रक्रियांमधील काळातून वजा होते. संदेश किती वेळा आणि कशासाठी मागवायचा हे ठरवणारा एक, आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा, अशी ही व्यवस्था आहे. लाभ आणि खर्च यांची अशी फारकत झाली की उधळपट्टीला वाट मोकळी होते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. म्हणूनच वरवर पाहता अभियंत्यांचा वाटणारा हा विषय अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने येथे मांडण्याचे धाडस केले आहे.

काही तासांपासून दहा वर्षांपर्यंत

या यंत्राचा इतिहास म्हणजे बहुतांशी बॅटरीचाच इतिहास होय. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये ऑके सेनिंग या शल्यविशारदाने रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसवला. संपूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला हा जगातील पहिला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला आणि दुसरा बसवावा लागला. लार्सन पुढे २००१ पर्यंत जगले. पण तेवढ्या काळात त्यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. शरीरात दडलेल्या बॅटरीचे मोल किती, हे सांगण्यास एवढा एक दाखला पुरे.

त्यानंतर पाऱ्याच्या सेलवर चालणारी यंत्रे आली. ती साधारण दोन वर्षे टिकत. काही देशांत प्लुटोनियमवर चालणारे पेसमेकरही वापरून पाहण्यात आले. खरी क्रांती झाली ती १९७२ मध्ये. त्या वर्षी इटलीत लिथियम-आयोडिन सेलचा पेसमेकर प्रथमच एका रुग्णाला बसवण्यात आला, आणि अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच यांनी या सेलचा हिरिरीने पुरस्कार केला. दोन वर्षांची शिदोरी हळूहळू आठ-दहा वर्षांपर्यंत पुरू लागली.

परंतु उत्पन्न वाढले की गरजाही वाढतात, हा प्रापंचिक नियम यंत्रांनाही लागू पडतो. सुरुवातीला डॉक्टर रुग्णाच्या छातीवर तारेचे वेटोळे असलेला एक ठोकळा टेकवून यंत्राशी संवाद साधत. अंतर बोटभर, वेळ काही मिनिटांची, आणि तीही रुग्ण दवाखान्यात आला तरच. १९९९ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने शरीरातील यंत्रांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ हा रेडिओलहरींचा पट्टा राखून ठेवला. हवामानखात्याचे फुगे ज्या लहरींवर बोलतात त्याच या लहरी. शरीरातून त्या बऱ्यापैकी पार होतात. भारतातही हा पट्टा या कामासाठी परवानामुक्त आहे. यामुळे यंत्राला काही मीटर अंतरावरून बोलता येऊ लागले. रुग्णाच्या उशाशी एक पेटी ठेवावी, रुग्ण झोपला असता पेसमेकरने आपला अहवाल त्या पेटीला द्यावा आणि पेटीने तो दूरच्या केंद्राकडे पाठवावा, अशी पद्धत २००१ नंतर रूढ होत गेली. अलीकडे काही यंत्रे ब्लूटूथच्या साहाय्याने थेट रुग्णाच्या मोबाइलशी बोलतात.

ठोकळ हिशेब

आता थोडी आकडेमोड करू. पेसमेकरच्या बॅटरीची क्षमता एक अँपिअर-तास आहे असे धरू. दहा वर्षांत ८७,६०० तास येतात. एवढ्या तासांवर ही शिदोरी वाटली, तर यंत्राच्या वाट्याला सरासरी सुमारे ११ मायक्रोअँपिअर प्रवाह येतो. मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहालाखावा हिस्सा. एवढ्या अल्प प्रवाहावर हे यंत्र हृदयाचे प्रत्येक स्पंदन तपासते आणि गरज पडेल तेव्हा त्याला चालना देते. काटकसरीचा याहून सुंदर नमुना शोधूनही सापडणार नाही.

या काटकसरी संसारात रेडिओचा प्रवेश झाला. शरीरातील यंत्रासाठी बनवलेला रेडिओ चालू असताना साधारण पाच मिलिअँपिअर प्रवाह घेतो. हा प्रवाह यंत्राच्या सरासरी खर्चाच्या चारशे पटींहून अधिक आहे. रेडिओ अखंड चालू ठेवला, तर दहा वर्षांची बॅटरी २०० तासांत, म्हणजे सव्वाआठ दिवसांत रिकामी होईल. निराळ्या शब्दांत सांगायचे तर रेडिओचा एक सेकंद म्हणजे यंत्राच्या आयुष्यातील सुमारे सात मिनिटे. जे यंत्र एरवी दहा वर्षे चालले असते, ते रोज दहा सेकंद बोलले तर साडेनऊ वर्षे चालेल. रोज एक मिनिट बोलले तर पावणेआठ वर्षेही पुरणार नाही. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे आटतेही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. सर्वसाधारण समजूत अशी की, रेडिओचा खर्च लहरी दूरवर फेकण्यात होतो. तेव्हा आवाज लहान केला की खर्च कमी झाला. परंतु या यंत्रांच्या बाबतीत हे खरे नाही. नियमानुसार त्यांनी बाहेर टाकायची शक्ती २५ मायक्रोवॅटच्या आत असावी लागते. उलट रेडिओचे मंडल चालू ठेवण्यासाठीच बॅटरीतून सुमारे १५ मिलिवॅट, म्हणजे त्याच्या सहाशे पट शक्ती घेतली जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला या म्हणीलाही येथे हार मानावी लागेल! आणखी असे की, रेडिओला ऐकण्यासाठीही जवळजवळ बोलण्याइतकाच खर्च येतो. कुणी हाक मारील म्हणून सतत कान टवकारून बसलेले यंत्र एक शब्दही न बोलता काही दिवसांत निकामी होईल.

मौनाचे शास्त्र

म्हणून अभियंत्यांनी जे शास्त्र विकसित केले, ते प्रामुख्याने मौनाचे शास्त्र आहे. त्याचे पहिले सूत्र असे: रेडिओ झोपलेलाच असावा. त्याला जागे करण्यासाठी एक निराळा, अत्यंत मितव्ययी पहारेकरी नेमलेला असतो. हा पहारेकरी ठरावीक काळाने क्षणार्धापुरता डोळा उघडतो, ओळखीची खूण दिसली तरच मुख्य रेडिओला उठवतो, अन्यथा पुन्हा डोळे मिटतो. त्याचा सरासरी खर्च पाव मायक्रोअँपिअरपर्यंत खाली आणता आला आहे. दहा वर्षांच्या पहाऱ्याला बॅटरीतील जेमतेम दोन टक्के शिल्लक पुरते. खूण पटवण्यासाठी जो मोठ्याने पुकारा करावा लागतो, तो बाहेरची पेटी करते. कारण तिला भिंतीतल्या खटक्यातून वीज मिळते. ज्याची ऐपत आहे त्याने भार उचलावा, हे करआकारणीचे तत्त्व येथे यंत्रांनी बिनतक्रार मान्य केलेले दिसते.

दुसरे सूत्र: बोलायचे तर भरभर आणि थोडक्यात बोलावे. मंडल चालू ठेवण्याचाच खर्च मोठा असल्याने, तोच मजकूर संथपणे मिनिटभर सांगण्यापेक्षा वेगाने दोन सेकंदांत सांगणे स्वस्त पडते. तिसरे सूत्र: बोलण्यापूर्वी विचार करावा. हृदयाचा आलेख जसाच्या तसा पाठवण्यापेक्षा यंत्राने तो आतच तपासावा आणि ‘आज विशेष काही नाही’ एवढेच कळवावे. यंत्राच्या बाबतीत विचार करणे स्वस्त आणि बोलणे महाग असते. माणसांच्या बाबतीतही हे खरे असते तर आपली कितीतरी संमेलने आणि सभा लवकर आटोपल्या असत्या.

चौथे सूत्र सर्वांत धाडसी आहे. शक्य असेल तेथे बॅटरी किंवा रेडिओ यांना फाटाच द्यावा. बहिऱ्या मुलांच्या कानात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लियर इम्प्लांटच्या आतील भागात सामान्यतः बॅटरी नसते. कानामागील बाहेरचे यंत्र कातडीतून वीज आणि आवाजाची माहिती दोन्ही पुरवते. फुप्फुसाच्या धमनीतील दाब मोजणारे, २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एक उपकरणही बॅटरीविनाच चालते. बाहेरून लहर आली की ते आपल्या कंपनातून उत्तर देते. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका तारविरहित पेसमेकरचे दोन भाग हृदयाच्या दोन कप्प्यांत स्वतंत्रपणे बसतात. प्रत्येक ठोक्यागणिक त्यांना एकमेकांशी बोलावे लागते. एवढे बोलणे रेडिओने केले असते तर त्या इवल्याशा बॅटऱ्या केव्हाच आटल्या असत्या. म्हणून ते रक्त आणि ऊती यांच्यातूनच सूक्ष्म विद्युत्‌स्पंद पाठवून संवाद साधतात. खारट पाणी रेडिओलहरींना शोषून घेते. तेच खारट पाणी या स्पंदांना मात्र तारेसारखे उपयोगी पडते.

काटकसर आणि कंजुषी

यावर कोणी म्हणेल, मग संदेशच कशाला हवेत? बंद करून टाका ती पेटी. हा विचार घातक आहे. रोपण केलेल्या डिफिब्रिलेटरांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसून आले की, घरबसल्या देखरेखीमुळे यंत्रतपासणीसाठी रुग्णालयात माराव्या लागणाऱ्या खेपा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाल्या. शिवाय बिघाड कितीतरी लवकर लक्षात आले. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या आडगावातील रुग्णाला एका तपासणीसाठी दोन दिवसांचा प्रवास आणि सोबतच्या माणसाची मजुरी गमवावी लागते. त्याच्या लेखी या सोयीचे मोल शहरातील रुग्णाहून अधिकच भरेल.

किंबहुना शहाणपणाने पाठवलेला संदेश बॅटरी वाचवतोही. डिफिब्रिलेटरला हृदयास धक्का देण्यासाठी आपला साठवणघट भरावा लागतो आणि त्यात बॅटरीचा मोठा लचका तोडला जातो. फ्रान्समध्ये झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दूरदेखरेखीखालील रुग्णांना अनावश्यक धक्के कमी बसले आणि साठवणघट भरण्याचे प्रसंगही पुष्कळ घटले. चूक वेळीच कळली म्हणून पुढचा मोठा खर्च टळला. तात्पर्य, प्रश्न संदेश असावा की नसावा हा नाही. प्रत्येक संदेशाने आपली किंमत वसूल केली की नाही, हा आहे. गृहिणी दिवा मालवते ती अंधाराची आवड म्हणून नव्हे. वाचणाऱ्या मुलाच्या खोलीतील दिवा जळावा म्हणून रिकाम्या खोलीतील दिवा ती मालवते.

वाटेवरचा चोर

या शिलकीवर आणखी एका बाजूने संकट येऊ शकते. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले की, शरीरात बसवायच्या डिफिब्रिलेटरशी त्रयस्थ माणूसही रेडिओवरून बोलू शकतो आणि त्याला वारंवार बोलावयास लावून बॅटरी झिजवू शकतो. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका बड्या कंपनीच्या घरगुती पेट्यांबाबत याच स्वरूपाचा इशारा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या आज्ञावलीत दुरुस्ती करण्याची वेळ आली. हा चोर काही नेत नाही. तो केवळ शिल्लक संपवतो. दाराला कुलूप घालावे तर कुलपालाही वीज लागते. तेव्हा वीज वाचवणे आणि सुरक्षा राखणे या दोन गोष्टी एकाच अंदाजपत्रकात बसवाव्या लागतात. हे ज्या उत्पादकाला साधत नाही, त्याने आपल्या यंत्राला बोलते करण्याची घाई करू नये.

किंमत कशाची मोजतो?

येथपर्यंतचा भाग शास्त्रज्ञांचा. यापुढचा आपला, नागरिकांचा आहे. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या किमतीबद्दल जागृती झाली, ती फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली तेव्हा. ते पाऊल स्वागतार्ह होते. परंतु स्टेंट ही एकदा बसवून टाकण्याची वस्तू आहे. पेसमेकरला मात्र घसरणारी शिल्लक असते. त्याची किंमत आयुष्याविना सांगणे म्हणजे मापाविना भाव सांगणे होय. समजा, एक यंत्र साठ हजारांना मिळते आणि सहा वर्षे चालते. दुसरे ऐंशी हजारांना मिळते आणि दहा वर्षे चालते. पहिल्याचा वर्षाचा खर्च दहा हजार, दुसऱ्याचा आठ हजार. यात दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च, रजा, वयोवृद्ध रुग्णाचे हाल आणि धोका धरलेलाच नाही. हा धोका काल्पनिक नव्हे. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, नवी तार न घालता केवळ यंत्र बदललेल्या रुग्णांपैकीही सुमारे चार टक्क्यांना सहा महिन्यांत गंभीर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागले होते. तरीही केवळ सर्वांत कमी दराकडे पाहून निविदा स्वीकारली, तर साठ हजारांचेच यंत्र ‘स्वस्त’ ठरेल.

उरलेल्या बॅटरीचे मोल गरिबाला विचारावे. अमेरिकेत मृत व्यक्तींच्या शरीरातून काढलेले, पुरेशी बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ निर्धन रुग्णांना बसवण्यात आल्याचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. उत्पादक ही यंत्रे एकदाच वापरण्यासाठी म्हणून विकतात, आणि पुनर्वापराच्या नैतिक व कायदेशीर बाजूंवर मतभेद आहेत. तो वाद येथे नको. एवढेच ध्यानात घ्यावे की, एका देशात ज्या शिलकीला कुणी विचारत नव्हते, तिच्यावर दुसऱ्या देशात माणसे उभी राहिली. अशा शिलकीतील एक मायक्रोअँपिअरही उधळणे, हे केवळ तांत्रिक गबाळेपण राहत नाही.

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात असे वाटते. पहिली: पेसमेकरचे अपेक्षित आयुष्य सांगताना ते किती संदेशांच्या गृहीतावर सांगितले आहे, हे उत्पादकाने वेष्टनावर आणि रुग्णाच्या कार्डावर मराठीसह रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहावे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. तेव्हा असा नियम करण्यास अधिकाराची अडचण नाही. दुसरी: सार्वजनिक पैशातून यंत्रे खरेदी करताना निविदांची तुलना दरवर्षी पडणाऱ्या खर्चावर व्हावी आणि त्यात यंत्र बदलण्याची शस्त्रक्रियाही धरावी. तिसरी: यंत्राने किती वेळा बोलावे हे रुग्णाच्या प्रकृतीवरून डॉक्टरांनी ठरवावे आणि रुग्णाला समजावून सांगावे. केवळ कंपनीच्या माहितीसाठ्यात भर पडावी म्हणून मागवलेल्या संदेशाचा भार रुग्णाच्या बॅटरीवर पडता कामा नये.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण मुलांना शिकवतो. या यंत्राच्या बाबतीत अंथरूण रुग्णाचे असते आणि पाय मात्र इतरांचे. ज्याचे अंथरूण आहे त्याला निदान त्याची लांबी तरी ठाऊक असावी. यापुढे आपल्या घरातील कुणाला पेसमेकर बसवण्याचा प्रसंग आला, तर ‘कितीला पडेल?’ या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत: किती वर्षे चालेल, आणि दिवसातून किती वेळ बोलेल? हे प्रश्न पुरेशा लोकांनी विचारले, तर उत्तरे देणे उत्पादकांना आणि शासनालाही भाग पडेल.